तिजोरीत कोंडलेली हवा

लोखंडी तिजोरी चोराला अडवते, चांगली असेल तर आगीलाही काही काळ अडवते. हवेतल्या ओलीपुढे मात्र तिचं काही चालत नाही. जूनमध्ये नीट बंद करून ठेवलेली मुलुंडच्या तळमजल्यावरची एखादी तिजोरी गणपतीला उघडा. कुबट वास येतो, कागदांना लाटा आलेल्या असतात, आणि आत बंदूक असेल तर तिच्या नळीवर तांबूस ठिपके दिसतात. मालक म्हणतो, "पाणी तर कुठूनच गेलं नाही!" बाहेरून पाणी गेलेलं नसतंच. ते आतच होतं. हवेत होतं, कागदात होतं, कापडात होतं, आणि दार लावताना आपणच ते आत कोंडलेलं असतं.

या विषयावर सापडणारं मार्गदर्शन बहुतेक थंड देशांतलं असतं. तिथला त्रास वेगळा आहे. राहतं घर उबदार, पण तिजोरी ठेवलेलं गॅरेज गारठलेलं. हिवाळ्यात पोलाद थंडगार होतं आणि एखाद्या दिवशी दमट हवा आली की त्याला घाम फुटतो. म्हणून तिथे सगळा भर तिजोरी उबदार ठेवण्यावर. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला घर तापवण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याकडे तिजोरी असते ती बैठ्या घराच्या मागच्या खोलीत, दुकानाच्या पोटमाळ्यावर, जिन्याखाली, किंवा मालक मुलाकडे परदेशी गेल्यामुळे सहा महिने कुलूप असलेल्या फ्लॅटमध्ये. थंडीचा इथे फारसा संबंध नाही. सगळी लढाई दमट आणि साचलेल्या हवेशी आहे, आणि तिचे डावपेचही वेगळे आहेत.

हे लिहितो आहे ते मुख्यतः परवान्याची बंदूक किंवा नेमबाजीची रायफल घरी ठेवणाऱ्यांसाठी: निवृत्त फौजी, सराफ, वरळीच्या रेंजवर सरावाला जाणारी मुलं आणि त्यांचे पालक. पण ज्यांच्या कपाटात बंदूक नाही, नुसते सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, घराचे कागद, कॅमेरा आणि आईची चांदीची भांडी आहेत, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी गंजाचं गणित. कोरड्या हवेत लोखंड वर्षानुवर्षं तसंच राहतं. आर्द्रता वाढत गेली तरी बराच काळ फारसं काही होत नाही, आणि साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गंजण्याचा वेग एकदम वाढतो. व्हर्नन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं १९३०च्या दशकात हे प्रयोगांनी दाखवून दिलं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते. म्हणजे तिजोरीवर पाण्याचा थेंबही पडायची गरज नाही. नुसत्या हवेनं काम होतं. त्यात मिठाची भर पडते. आपण जेवणात घालतो ते शुद्ध मीठ ७५ टक्क्यांच्या आसपास पाणी धरू लागतं, पण समुद्रावरून येणाऱ्या खारात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते अवघ्या ३३ टक्क्यांपासून हवेतलं पाणी ओढायला लागतं. वर्सोव्याच्या किंवा गोराईच्या बाजूला राहणाऱ्यांचं ग्रील मुलुंडच्या ग्रीलपेक्षा लवकर का गंजतं, याचं उत्तर यात आहे. आणि हाताच्या घामातही मीठच असतं. पोलादावर उमटलेला अंगठ्याचा ठसा दोन आठवड्यांत गंजाच्या रेघांनी जसाच्या तसा उठून दिसतो, तो त्यामुळेच.

म्हणून पहिली खरेदी एकच: डिजिटल आर्द्रतामापक. काही शंभर रुपयांत मिळतो, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असतो, तिजोरीत ठेवून देता येतो. पण स्वस्त मापक दहा-बारा टक्के खोटंही बोलतो. त्याची परीक्षा घरीच घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, त्यात पाण्याचे मोजके थेंब टाका. मीठ ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून सात-आठ तास ठेवा. मापकानं ७५ दाखवलं तर तो बरोबर. ८१ दाखवलं तर त्याच्या प्रत्येक आकड्यातून सहा वजा करायचे, एवढं त्याच्या पाठीवर लिहून ठेवा. तिजोरीत आकडा हवा तो ५०च्या आसपास. ६० ओलांडलं की जागं व्हा. ४०च्या खालीही नेऊ नका. बंदुकीचा लाकडी दस्ता, जुनं चामडं आणि कागद अति कोरड्या हवेत तडकतात.

आता जागा. मुंबईत पाऊस नैऋत्येकडून, वाऱ्याबरोबर तिरका येतो. त्यामुळे इमारतीच्या पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत पावसाळाभर ओल धरते. त्या भिंतीला तिजोरी टेकवली तर मागचा पत्रा चार महिने ओल्या फडक्याला टेकल्यासारखा राहतो. मागची बाजू आपल्याला दिसत नाही, म्हणून तिथले पोपडे निघालेलेही दिसत नाहीत. तिजोरीला आतली भिंत द्या, आणि तिथेही चार-पाच इंच मोकळी जागा सोडा. भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर ती जागा सोडून द्या. वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्लॅबची गळती कुठे होते ते एका पावसाळ्यात बघून मगच जागा ठरवा.

खालूनही ओल चढते. तळमजल्यावरची लादी पावसाळ्यात हाताला गार आणि चिकट लागते. तिजोरी थेट लादीवर ठेवू नका, आणि तिच्याखाली गोणपाट, गालिचा किंवा वर्तमानपत्र तर मुळीच घालू नका. ते पाणी पिऊन बसतं आणि हळूहळू वर देत राहतं. कडप्प्याचे तुकडे किंवा जाड रबराचे ठोकळे घेऊन तिजोरी दोन-तीन इंच उचलून ठेवा, खालून हवा फिरली पाहिजे. उचलताना समतल आहे ना ते पाहा. एक पाय खाली गेला की दार लटकतं, एका कोपऱ्यात फट पडते, आणि कुलूप जड लागायला लागतं. मग आपण त्यात तेल ओततो, दोष मात्र लादीचा असतो.

वजनाचं भान ठेवा. आगीपासून वाचवणारी मोठी तिजोरी दोनशे-तीनशे किलोंची असू शकते. ती गॅलरीत, पोटमाळ्यावर किंवा स्लॅबच्या मधोमध ठेवायची नसते. खांबाजवळ किंवा खाली तुळई असलेल्या भिंतीलगत ठेवायची. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना मुंबईत संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. तुमच्या सोसायटीची झाली असेल तर त्या अहवालात तुमच्या मजल्याबद्दल काय म्हटलंय ते सेक्रेटरींकडून वाचून घ्या. हलकी तिजोरी असेल तर उलट अडचण: चोर ती उचलूनच नेतो, म्हणून ती जमिनीला बोल्टनं जखडावी लागते. पण ड्रिल मारलेल्या भोकातून ओल वर येते, तेव्हा बोल्ट बसवताना भोकात सीलंट भरून घ्यायला मिस्त्रीला सांगा. न सांगता तो भरणार नाही.

तिजोरी कोणती घ्यायची हा वेगळा विषय, पण गंजाच्या बाजूनं एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. आपल्या घरांत दोन जातींची लोखंडी पेटी असते. एक पत्र्याचं कपाट. गोदरेजनं १८९७ साली लालबागला कुलुपांपासून सुरुवात केली, १९२३मध्ये पोलादी कपाट बाजारात आणलं, आणि पुढे विक्रोळीत कारखाना गेला. तिथेच पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपेट्या बनल्या. त्या कपाटानं मराठी घरात असं ठाण मांडलं की कुठल्याही कंपनीचं कपाट असलं तरी आपण त्याला गोदरेजच म्हणतो. हे कपाट पत्र्याचं, पोकळ. त्याच्या फटीतून हवा येते-जाते. दुसरी जात आगरोधक तिजोरीची. तिच्या दुहेरी पत्र्यांच्या मध्ये काँक्रीटसारखा मसाला भरलेला असतो आणि त्या मसाल्यात रासायनिक बंधात पाणी धरलेलं असतं. आग लागली की ते पाणी वाफ होऊन आतलं तापमान वाढू देत नाही. तिची सगळी करामत तीच. पण एरवीही त्यातली थोडी ओल आत झिरपत राहते, आणि दार घट्ट असल्यामुळे बाहेर जात नाही. म्हणून महागडी आगरोधक तिजोरी साध्या कपाटापेक्षा आतून जास्त दमट निघते, असा उलटा प्रकार होतो. अशी तिजोरी घेतली असेल तर आठवड्यातून एकदा ती उघडून वारा देणं भाग आहे. बंदूक तिच्यात ठेवायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कागद आणि दागिने आगरोधक तिजोरीत, बंदूक वेगळ्या जाड पत्र्याच्या कुलूपबंद कपाटात. तसंही लांब नळीची बंदूक कपाटाच्या चोरकप्प्यात मावत नाही, आणि लोक तिच्यासाठी उंच, अरुंद कपाट फॅब्रिकेटरकडून करून घेतात. करून घेताना आतून आणि तळाखालूनही पावडर कोटिंग करायला सांगा. खालची बाजू दिसत नाही म्हणून तिथे नुसता एक हात रंग मारून दिला जातो, आणि गंज नेमका तिथूनच चढतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. लोक तिजोरी घेतात, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकतात, आणि झालं म्हणतात. हिशोब करून पाहा. अर्ध्या घनमीटरच्या कपाटात पावसाळ्याच्या हवेत तेरा-एक ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती शोषायला दोनशे ग्रॅम सिलिका जेल भरपूर झालं. पण त्याच कपाटात दहा किलो कागद आणि कपडे असतील, तर पावसाळ्यात त्यांनी धरून ठेवलेलं जास्तीचं पाणी अर्ध्या लिटरच्या आसपास जातं. कागद आणि सुती कापड स्पंजाचंच काम करतात. म्हणजे हवेतल्या तेरा ग्रॅमांमागे आपण लागतो आणि अर्धा लिटर ओल मागच्या दारानं आत येते. म्हणून बंदुकीच्या कपाटात साड्या, फायली, मखमली गाद्या, फोमच्या पेट्या काहीही ठेवू नका. बंदूक तिच्या चामडी म्यानात किंवा फोमच्या केसमध्ये कायमची ठेवणं हा तर गंजाला आमंत्रण द्यायचा सर्वांत सोपा मार्ग आहे. केस रेंजवर नेण्यापुरती. घरी आल्यावर बंदूक बाहेर, केस वेगळ्या जागी. कागद ठेवायचेच असतील तर ते आधी कोरडे करून, हवाबंद डब्यात घालून मगच आत ठेवा.

मग कोरडी हवा आणायची कुठून? मुंबईत दोन ठिकाणं आहेत. एक, थंडीतली दुपार. डिसेंबर ते फेब्रुवारीत दुपारी हवा बऱ्यापैकी कोरडी असते. तेव्हा तिजोरी पूर्ण रिकामी करून दार सताड उघडं ठेवायचं. दुसरं, पावसाळ्यात, आपल्याच बेडरूममधला एसी. एसी हवा नुसती गार करत नाही, तिच्यातलं पाणी काढून नळीवाटे बाहेर टाकतो. एसी तासभर चालल्यावर खोलीतली आर्द्रता बाहेरच्यापेक्षा बरीच खाली येते. तिजोरी उघडायची ती त्या वेळी. नेमकं उलटं घडतं: रात्रभर एसी चालतो, तिजोरीचं पोलाद चोवीस अंशांपर्यंत उतरतं, सकाळी खिडक्या उघडतात, आणि आपण ऑफिसला निघताना घाईत तिजोरी उघडतो. जुलैतल्या सकाळच्या हवेतली वाफ पंचवीस-सव्वीस अंशांनाच पाणी होते. थंड पोलादावर ती जमणारच. थंड देशातला घाम फुटण्याचा प्रकार आपण असा स्वतःच्या बेडरूममध्ये करून घेतो. हात लावून पाहा: खिडक्या उघडल्यावर दार गार लागत असेल तर थांबा.

सिलिका जेल चांगलंच आहे, पण त्याची मर्यादा ओळखून वापरा. आपल्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश पाणी ते धरतं, मग थकतं. बुटाच्या खोक्यातली पुडी काही दिवसांत संपते. पाव-अर्धा किलो घ्या, रंग बदलणारे दाणे असलेलं. निळे दाणे ओले झाले की गुलाबी होतात, पण त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. नारिंगी दाणे घेणं बरं. थकलेलं जेल सुमारे १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका, त्यासाठी एखादी जुनी कढई किंवा ट्रे वेगळा काढा. पावसाळ्यात हे दर दोन-तीन आठवड्यांनी करावं लागतं, आणि बहुतेक जण इथेच कंटाळतात. कंटाळा येणार असेल तर चांगल्या रबरी पट्टीचा, विजेवर चालणारा कोरडा कॅबिनेट घ्या. छायाचित्रकार लेन्ससाठी वापरतात तसा. पण त्याला काचेचं दार असतं आणि कुलूप नावापुरतं. बंदुकीसाठी तो एकटा पुरेसा नाही.

एक गोष्ट मात्र आणूच नका. ओलावा शोषणारे म्हणून प्लास्टिकचे डबे मिळतात; वर पांढरे दाणे, खाली पाणी साठायची जागा. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं. पाणी ते झपाट्यानं ओढतं हे खरं, पण खाली साठतं ते दाट खारं पाणी. डबा कलंडला किंवा फुटला तर ते पत्र्याच्या तळाच्या सांध्यात शिरतं आणि वर सांगितलेल्या समुद्राच्या खाराचंच काम जोरात करतं. कपड्यांच्या लाकडी कपाटात ठेवा, लोखंडात नको. वाटीत मीठ ठेवण्याचा सल्लाही त्याच कुळातला. तांदूळ पोरकिड्यांना बोलावतात. कळीचा चुना ओल शोषतो, पण तो दाहक आहे आणि पाणी लागलं की तापतो. कापूर आणि डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी आहेत, हवेतलं पाणी त्या कमी करत नाहीत.

जुन्या लोकांची बल्बची युक्ती शास्त्राला धरून आहे. हवा तापली की तिची पाणी धरण्याची ताकद वाढते, म्हणजे आर्द्रतेची टक्केवारी उतरते. २८ अंशांची, ८५ टक्क्यांची हवा नुसती ३३ अंशांवर नेली तर ती सुमारे ६४ टक्क्यांवर येते. पाच अंशांत एवढा फरक. पण एलईडी बल्ब पुरेसा तापत नाही, आणि जुना पिवळा बल्ब कापडाला किंवा कागदाला टेकला तर आग लावतो. ज्या कपाटात काडतुसं आहेत तिथे तर ही युक्ती विसराच. करायचीच असेल तर आतल्या हवेला मंद ऊब देणारा, खास कपाटांसाठीचा बंद हीटिंग रॉड मिळतो तो बसवा, आणि वायर आत न्यायचं भोक इलेक्ट्रिशियनकडून रबरी कडं घालून करून घ्या.

आता बंदूक. कुठलीही सफाई करण्याआधी ती रिकामी आहे याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानं करा, आणि काडतुसं दुसऱ्या कुलपात ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवेळी नव्यानं करायचं असतं. बंदूक हाताळून झाली की सुती फडक्यानं पोलादी भाग पुसा, मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. फडकं तेलात भिजवून पिळून काढलं तर जेवढं राहतं तेवढंच. तेल जास्त झालं की ते खाली ओघळतं, दस्त्याचं लाकूड मऊ करतं, धूळ धरतं, आणि यंत्रात चिकट खळ होते. खोबरेल तेल वापरू नका. थंडीत थिजतं, पुढे घट्ट आणि खवट होतं. शिवणयंत्राचं तेल चालतं, बंदुकीचं तेल मिळालं तर उत्तम. डब्ल्यूडी-४० ओल हटवायला चांगलं, पण ते उडून जातं. त्यानंतर खरं तेल लावायलाच हवं. नळीच्या आत तेल लावलं असेल तर रेंजवर जाण्याआधी कोरड्या कापडाची पट्टी ओढून ते काढून टाका. बंदूक तोंड वर करून ठेवतात, त्यामुळे तेल खाली यंत्रात उतरतं. सहा महिने वापरायची नसेल तर कपाटात आडवी किंवा किंचित तोंड खाली करून ठेवा. उघड्या हातानं पुन्हा नळी धरू नका, पुसलेलं सगळं वाया जातं.

जी हलणारच नाहीत अशी शस्त्रं, म्हणजे आजोबांची जुनी किंवा भिंतीवर टांगलेली बंदूक, त्यांच्यावर तेलापेक्षा मेण बरं. संग्रहालयं लोखंडावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा हात देतात. ते धूळ धरत नाही आणि वर्षभर टिकतं. इंजिनिअरिंग मालाच्या दुकानांत गंजरोधक वाफ सोडणारा व्हीसीआय कागद मिळतो. कारखाने बेअरिंगं आणि सुटे भाग त्यात गुंडाळून पाठवतात. कपाट बऱ्यापैकी बंद असेल तर त्याचे एक-दोन तुकडे आत टांगून ठेवणं हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. दर वर्षी बदलायचा. स्टेनलेसची बंदूक किंवा भाग असेल तर निर्धास्त राहू नका. खाऱ्या हवेत त्यालाही बारीक खड्डे पडतात, फक्त उशिरा.

उपनगरांतल्या पुष्कळ घरांची खरी बंदूक मुंबईत नसतेच. ती रत्नागिरीला किंवा सिंधुदुर्गात गावच्या घरी असते, शेतीसंरक्षणाच्या परवान्याची, वडिलांच्या नावावर. माकडं आणि डुकरं हाकायला घेतलेली. घर मे महिन्यात उघडतं, जूनला बंद होतं, आणि कोकणातला पावसाळा ती एकटी काढते. ठासणीची असेल तर काळ्या दारूची काजळी नळीत राहते. ती हवेतलं पाणी ओढते आणि आठवड्याभरात नळी खाते. साधं तेल लावून ती जात नाही. नळी गरम पाण्यानं धुवावी लागते, पूर्ण कोरडी करावी लागते, मग तेल. मेच्या शेवटी हे करूनच निघा. आणि घर चार महिने बंद राहणार असेल तर बंदूक तिथे ठेवून येणं गंजाच्या आणि सुरक्षिततेच्या अशा दोन्ही दृष्टींनी चूक आहे. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती सुरक्षित ठेव म्हणून देता येते. पावती घ्या. वडील गेले असतील तर परवाना त्यांच्याबरोबर संपला असं समजून पोलीस ठाण्याला कळवा. वारसाच्या नावावर करण्याची पद्धत आहे, पण तोवर ती तुमच्या कपाटात ठेवायचा हक्क तुम्हाला नाही.

तिजोरीच्या अंगावर गंज आलाच असेल तर पावसाळ्यात त्यावर रंग मारू नका. ओल्या पत्र्यावरचा रंग आतली ओल झाकतो, आणि दिवाळीपर्यंत तो फुगून पापुद्र्यासारखा सुटतो. ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघा. तोवर नुसतं पुसून तेलाचा हात द्या. मग पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा. तांबूस डाग राहिला तर गंज राहिला असं समजा. थिनरनं पुसा, रेड ऑक्साइडचा हात द्या, सुकू द्या, वर एनॅमलचे दोन हात. रंगाऱ्याला दाराची बाहेरची बाजूच दिसते. मागचा पत्रा, पाय आणि खालचा सांधा तुम्ही समोर उभं राहून करून घ्या. कुलपात तेल ओतण्याऐवजी ग्रॅफाइटची पूड फुंका. कुलूप इलेक्ट्रॉनिक असेल तर त्यात काहीच फवारू नका, आणि जूनच्या आधी सेल बदला. पावसाळ्यात सेल पाझरले की टोकांवर हिरवट-पांढरा थर बसतो आणि आकडे बरोबर दाबूनही दार उघडत नाही. अशा वेळी लागणारी आणीबाणीची किल्ली तिजोरीच्या आतच ठेवलेली घरं कमी नाहीत.

पुराचाही विचार करा. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि कुर्ला, कलिना, साकीनाका भागांत तळमजल्यावरच्या कपाटांचे खालचे कप्पे गढूळ पाण्यात बुडाले. अशा वस्तीत तळमजल्यावर राहत असाल तर खालचा कप्पा मोकळा ठेवणं हाच खरा विमा. पाणी शिरलंच, तर ते उतरल्याबरोबर तिजोरी आणि बंदूक आधी स्वच्छ पाण्यानं धुवा, मग सुकवा, मग तेल. चिखल आणि मैला अंगावर सुकू दिला तर पुढे कितीही तेल लावा, उपयोग होत नाही. भिजलेली बंदूक शस्त्रविक्रेत्याकडे उघडून तपासल्याशिवाय वापरू नका, आणि भिजलेली काडतुसं पुन्हा वापरू नका. ती कुठे द्यायची ते विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला विचारा.

वर्षातून एकदा सगळं बाहेर काढायला दिवस कोणता, यावर फार विचार करायला नको. आपल्याकडे तो आधीच ठरलेला आहे. आश्विन शुद्ध नवमी, खंडेनवमी. शस्त्रं आणि अवजारं घासूनपुसून पूजायचा दिवस. मुंबईतून मोसमी पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो, आणि ही तिथीही साधारण त्याच दिवसांत येते. तिजोरी रिकामी करा, मागून-खालून टॉर्चनं बघा, मापकाची मिठाची परीक्षा पुन्हा घ्या, जेल तापवा, व्हीसीआय कागद बदला. पूजेचं ओलं गंध आणि हळद-कुंकू मात्र पोलादावर दुसऱ्या दिवसापर्यंत राहू देऊ नका. पूजा झाली, आरती झाली, की पुसून तेलाचा हात फिरवा. दुसरी तपासणी मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाऊस ११ जूनच्या आसपास येण्याआधी.

त्याच बैठकीत परवानाही काढून बघा. २०१९च्या दुरुस्तीनंतर शस्त्रपरवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली, आणि सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. दहिसरपासून मुलुंडपर्यंत सगळ्या उपनगरांसाठी परवाना देणारं कार्यालय मुंबई पोलीस आयुक्तांचं आहे. मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज करा, आणि परवान्याची प्रत त्याच ओल धरणाऱ्या तिजोरीत न ठेवता, हवाबंद पाकिटात घालून वेगळ्या जागी ठेवा.